सारवणाचं घमेलं

आई,

आज मी पुन्हा भांडले. सकाळच्या वेळी, सगळ्या म्हाताऱ्या माणसांसमोर, घसा बसेपर्यंत. आता जेवणं उरकून सगळे आडवे झालेत आणि मी खिडकीशी येऊन बसलेय. कोणाशी तरी बोलल्याशिवाय आज चैन पडायचं नाही, आणि बोलावं असं माणूस शोधायला गेले तर तूच निघालीस. तुला जाऊन इतका काळ लोटलाय की तुला ओळखणारं इथे माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. त्यामुळे मोकळेपणानं लिहिता येईल.

मी आता ठाण्यात असते, कोपरीच्या बाजूला. ज्यांचं कोणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशा म्हाताऱ्यांसाठी इथे एक घर काढलंय, त्याची मी मुख्य बाई. मुख्य म्हणजे सगळ्यांत जास्त बोलणी खाणारी, एवढंच. खाली दगडी फरशी, प्रत्येकाला वेगळी खाट, दारात कार्बोलिकच्या औषधी पाण्याचं घंगाळ. त्यात हात बुडवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. पूर्वी माणसं माझ्या तोंडावर हसायची. ती प्लेगची, गाठीची साथ आल्यापासून हसत नाहीत, नुसती कंटाळतात. दुसरा नियम फडक्यांचा. एकाची खाट पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या खाटेला लावायचं नाही, सरळ मागच्या चुलाणावर पाणी उकळत असतं त्यात टाकायचं. हे मी रोज सांगते. अगं रोज! देवाचं नाव इतक्यांदा घेतलं असतं तर तोसुद्धा एव्हाना पुरे म्हणाला असता.

तर आज सकाळी काय झालं. बाळकुमहून एक नवी बाई कामाला यायला लागलीय, अंगानं धडधाकट, कामाला वाघ, तोंडानं गोड. एका आजोबांना दोन दिवस जुलाब होतायत. हिनं त्यांची खाट पुसली, फडकं कार्बोलिकच्या बादलीत बुचकळलं, पिळलं आणि त्याच फडक्यानं पुढची खाट पुसली. मग त्याच्या पुढची. मग एका आजींचा जेवायचा पाट. मी दारातनं पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाट्टेल ते बोलले. ती बिचारी बादली हातात धरून उभी. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "औशीदाचं पानी हाय ना बाय, त्यान कसली घान ऱ्हाते?"

 मी भिंतीला टेकले. तिला वाटलं मला घेरी आली, धावत येऊन धरायला लागली तर मी पुन्हा ओरडले, आधी हात धू म्हणून. तिला मी काय सांगणार होते? हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय. फक्त औषधाच्या जागी शेण होतं, आणि बोलणारी तू होतीस.

कल्याणची ती तळ्याजवळची वखार मला अजून जशीच्या तशी दिसते. शेटजींनी भाताची वखार रिकामी करून निराधार म्हाताऱ्यांना दिली आणि त्यांचं रांधायला, करायला तुला ठेवलं. मी सासरहून कायमची परत आले ती त्याच वखारीत, तुझ्या हाताखाली. आतल्या लांब दालनात दोन्ही भिंतींना ओळीनं घोंगड्या, तिथे ब्राह्मण आणि वाणी घरांतली माणसं. बाहेरच्या पडवीत आगरी, कोळी, कुणबी. जेवण सगळ्यांना तुझ्याच हातचं, पण पडवीत वाढायचं ते वरून. आतलं भांडं बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. तेव्हा आपल्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही नव्हतं वाटत.

जमीन कोब्याची होती, भाताला ओल लागू नये म्हणून चुना घोटून केलेली, गुळगुळीत. त्या कोब्यावरसुद्धा तू रोज सारवायचीस. पहाटे शेटजींच्या गोठ्यातलं शेण यायचं. तू पदर खोचून लोखंडी घमेल्यात ते कालवायचीस आणि दाराजवळच्या पहिल्या घोंगडीपासून सुरू करायचीस. प्रत्येकाची जेवायची जागा उशाशीच. तुझा हात अर्धगोल फिरत जायचा आणि मागे बोटांच्या रेषा उमटायच्या, सगळ्या सारख्या. मी एकदा हौसेनं एक जागा सारवली तर तू हातावर चापट मारलीस. "सारवतेयस की चिखल तुडवतेयस? हे बघ, बोटं उचलायची नाहीत. जेवणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही जागा माझ्यासाठी केलीय." सगळ्यांचं झालं की विहिरीवर आंघोळ, मग सोवळं नेसून स्वयंपाक. तोवर सारवण वाळलेलं असायचं आणि म्हातारी माणसं उठून आपापल्या जागेसमोर टेकून बसलेली असायची. त्या वासानं मला अजून भूक लागते, आई. शेणाच्या वासानं भूक लागते असं इथल्या डॉक्टरांना सांगितलं तर मलाच खाटेवर निजवतील.

त्या पावसाळ्यात दाराजवळच्या आजींना हगवण लागली. त्यांना उठवायचं म्हणजे दोन माणसं लागायची, त्यामुळे सगळं जागच्या जागी. तू एकदाही नाक मुरडलं नाहीस. आजी रडायच्या, ओशाळायच्या, तर तू म्हणायचीस, "असू दे हो, लहान मुलांचं काढतोच की." घाण उचलायचीस, जागा शेणानं सारवून शुद्ध करायचीस. आणि बसल्याबसल्या तेच घमेलं पुढे सरकवून पुढच्या माणसाची जेवायची जागा सारवायला घ्यायचीस. मग त्याच्या पुढच्याची. ओळीच्या शेवटापर्यंत. आजी गेल्या. मग त्यांच्या शेजारचे एक आजोबा लागले. मग त्यांच्या शेजारच्या काकू. मरण ओळीनं चालत निघालं होतं आणि आपण रोज त्याच्यासाठी वाट सारवून देत होतो. पण तेव्हा हे कोणाला सुचणार? आपण म्हणत होतो, हवा वाईट आहे.

एके दिवशी शेटजी आले. छत्रीसुद्धा मिटली नाही, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "बाई, गावात बोलायला लागलेत, की ह्या वखारीत माणसं मरायलाच आणून ठेवतात. आणखी कोणी गेलं तर मी कुलूप लावून पुन्हा भात भरणार."

तू विचारलंस, "आणि ही माणसं?"

"देव आहे त्यांना."

ते गेल्यावर तू कितीतरी वेळ दालनाकडे बघत राहिलीस. देव त्यांना होताच, पण छप्पर देवानं दिलेलं नव्हतं. आपलंही दुसरं छप्पर नव्हतं. माझ्या सासरचं दार बंद झालेलं, तुझ्या माहेरी भाऊ-भावजयींचं राज्य. मी घाबरून तुला चिकटले तर तू मला ढकलून म्हणालीस, "जा, कांजी बघ उतू जाईल."

ठाण्याहून आठवड्याला आगगाडीनं एक डॉक्टर यायचे, खाडीकाठच्या ख्रिस्ती घरातले. मोठ्या परीक्षा दिलेले नव्हते, पण माणूस मन लावून बघणारा होता. तू त्यांना कधी दालनाच्या आत येऊ दिलं नाहीस. ते पडवीत उकिडवे बसून उंबऱ्यातून रोग्याची जीभ बघायचे. त्या खेपेला ते मला म्हणाले, "मुली, कोण कोणानंतर लागलं ते सांग." मी बोटानं दाखवत गेले, ही, मग हे, मग त्या. त्यांनी ओळीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग विचारलं, "आणि पडवीतलं कोणी नाही?" तेव्हा पडवीतली आगरीण आजी हसली, दात नसलेल्या तोंडानं. म्हणाली, "आमाला कोन इचारतं? आमचं शेन आमी आनतो, आमची जागा आमी सारवतो."

त्या रात्री डॉक्टर परत गेले नाहीत, गावात कुठेतरी राहिले. पहाटे येऊन उंबऱ्यापाशी बसले आणि तुझं सारवण पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत बघत राहिले.  तू उठल्यावर म्हणाले, "बाई, हे घमेल्यातलं पाणी मधे बदलता का?"

तू हसलीस. मला ते हसणं आठवतं, पोरासोरांच्या प्रश्नाला हसावं तसं. "शेणाचं पाणी आहे डॉक्टर. त्यात कसली घाण राहते?"

"शेणाबद्दल मी काही बोलत नाही. पण पहिल्या जागेची घाण ज्या हातानं काढलीत, तोच हात तुम्ही शेवटच्या माणसाच्या पानापर्यंत नेलात. मी इथे बसून बघत होतो."

तू उभी आहेस. कोपरापर्यंत हात शेणानं ओला. बाहेर पागोळ्या गळतायत आणि दालनात कोणीतरी कण्हतंय. तू विचारतेस, "म्हणजे मी मारलं त्यांना?"

"मी तसं म्हणालो नाही."

"तेच म्हणालात तुम्ही."

 तू तो हात अंगापासून लांब धरलास, जसा तो तुझा नव्हेच. पदराला पुसला नाहीस, घमेल्याच्या काठाला निथळला नाहीस. तशीच चालत विहिरीवर गेलीस आणि राखेनं घासत बसलीस. मी पाणी घालत होते. हात लाल झाला, मी म्हटलं आई पुरे, तरी तू घासतच होतीस. तू रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू नुसती म्हणालीस, "काकूंना सारवलेली जागा फार आवडायची." काकू आदल्याच दिवशी गेल्या होत्या.

त्या दिवसापासून सारवण बंद. डॉक्टरांनी कार्बोलिकची बाटली दिली, कसं मिसळायचं ते मला शिकवलं, कारण तू बाटलीला हात लावायला तयार नव्हतीस. कोबा त्या पाण्यानं धुवायचा, आजाऱ्याच्या जागेचं फडकं वेगळं आणि ते उकळायचं, रांधणाऱ्यानं आजाऱ्याची घाण काढायची नाही. ते काम माझ्याकडे आलं. सगळ्या वखारभर ते उग्र वासाचं पाणी. आणि दुपारी पानं मांडल्यावर कारकून आजोबा जेवायलाच बसेनात. मामलेदार कचेरीत उभा जन्म घालवलेले, आवाज अजून कचेरीतला. "सायबाच्या औषधानं धुतलेल्या जमिनीवर मी पान घेणार नाही. सारवा, नाहीतर उचला." त्यांचं बघून आणखी दोघंतिघं हात आखडून बसले. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तुझा जीव टांगणीला. सारवावं तर रोग, न सारवावं तर उपास, आणि कोणीही दगावलं तरी शेटजींचं कुलूप तयार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू काय केलंस ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि पाठोपाठ कसंतरीच होतं. तू स्वतःचं पान वाढून आणलंस. तू कधी कोणासमोर जेवायची नाहीस, सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी, सारवलेल्या चौकटीत. त्या दिवशी तू दालनाच्या मधोमध, धुतलेल्या ओल्या कोब्यावर, पाटसुद्धा न घेता कारकून आजोबांसमोर बसलीस आणि भाताचा घास तोंडात घातलास.

"अहो बाई!" आजोबा ओरडले. "हे काय आरंभलंय?"

तू घास गिळलास. "आता मी बाटले. इथे रांधणारी मी एकटी. माझ्या हातचं खायचं की उपाशी राहायचं, ते तुम्ही ठरवा." आणि दुसरा घास घेतलास.

पडवीतली आगरीण आजी पोट धरून हसत होती. आजोबा लालबुंद झाले, काहीतरी पुटपुटले, देवापासून पार आपल्या वडिलांपर्यंत सगळ्यांची क्षमा मागितली आणि पान पुढे ओढलं. मग सगळेच जेवले. मी वाढत होते. तू शेवटपर्यंत बसून राहिलीस, नेहमीसारखं विचारत राहिलीस, "आमटी वाढ गं त्यांना, मीठ हवंय का बघ." पानं उचलल्यावर तू मागच्या दारानं गेलीस, विहिरीपलीकडे. मी मागे आले तर तू ओकत होतीस. सगळं बाहेर पडलं. मला बघून म्हणालीस, "पित्त झालंय." मी हो म्हटलं. पुढे कितीतरी दिवस तू त्या कोब्यावर जेवलीस आणि तुला पित्त होत राहिलं.

साथ थांबली. जे लागले होते ते हळूहळू उठून बसायला लागले. कुलूप लागलं नाही. शेटजींनी तांदळाचं पोतं पाठवलं आणि सगळीकडे सांगत सुटले की आमच्या वखारीत इंग्रजी पद्धत आहे. तुला त्याचं काही नव्हतं. घमेलं तू उपडं करून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंस. येताजाता तुझी नजर तिकडे जायची. एकदा मी विचारलं, विकून टाकू का? तर म्हणालीस, "राहू दे. तुझ्या काय डोक्यावर बसलंय?"

आणि पुढच्या पावसाळ्यात तुलाच हगवण लागली. मी आजारी असताना रांधणं दुसऱ्या कोणावर सोपवून एका नव्या आलेल्या म्हातारीचं तूच काढलंस. हात धुतलेस की नाही, कसे धुतलेस, मला माहीत नाही. आठवड्याभरात तू ओळखू येईनाशी झालीस. दालनाच्या टोकाला, दाराजवळच्या त्याच जागी तुझी घोंगडी. डॉक्टर आले, ह्या वेळी आत आले, तुझ्याजवळ बसले, आणि बाहेर येऊन माझ्याकडे न बघता हात धुवायला लागले. मी समजले.

आपल्यात माणूस जायला लागलं की त्याला अंथरुणावर जाऊ देत नाहीत. जागा सारवून भुईवर घेतात. ते मला करायला हवं होतं आणि माझी हिंमत होत नव्हती. तेवढ्यात कारकून आजोबा बाहेरून आले. पावसात भिजलेले, धोतर पिंढऱ्यांना चिकटलेलं आणि ओंजळीत शेण. स्वतः गोठ्यात गेले होते, ज्यांना न्हाणीपर्यंत जायला माझा खांदा लागायचा. "मुली, घमेलं आण. तिला भुईवर घ्यायला हवं. मी सारवतो, मला येतं."

तू डोळे उघडलेस. मला वाटलं तू हात जोडशील. तू म्हणालीस, "नको."

"बाई, असं नका करू," आजोबा रडायला लागले. "एवढं तरी घ्या."

"माझ्याखालचं सगळं नासलंय. त्यात शेण कालवू नका." मग दम घेतलास. डोळे दालनातल्या ओळीवरून गेले. "इथे उद्या पानं मांडायची आहेत."

एवढंच. त्यानंतर तू नीटसं बोलली नाहीस. कार्बोलिकनं धुतलेल्या कोब्यावर, बोटाची एकही रेष नसलेल्या जागेवर गेलीस तू. आजोबा ते शेण हातात धरून बसून राहिले, कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. शेवटी मीच त्यांना बादलीपाशी नेलं आणि हात धुवायला लावले. त्यांनी मुकाट्यानं धुतले. त्या खेपेला ओळीतलं दुसरं कोणी लागलं नाही, आई. तुझ्या शेजारची, त्यांच्या शेजारची, सगळी जगली.

पुढे डॉक्टरांनी खटपट करून मला मुंबईच्या इस्पितळात शिकायला पाठवलं, तिथून मी इथे आले. इथेही माणसं जाता जाता तेच मागतात. "बाई, भुईवर घ्या." परवा एका आजींनी माझा हात धरून मागितलं. मी नाही म्हणते. चादर बदलून देते, गंगेचं पाणी देते, तोंडात तुळशीचं पान ठेवते, पण फरशीवर शेण येऊ देत नाही. लोक मला दगडाच्या काळजाची म्हणतात. त्यांना मी तुझं उदाहरण कधी सांगत नाही, सांगून उपयोग काय? नियम म्हणजे नियम, असं म्हणून पुढच्या खाटेकडे वळते. खरं सांगायचं तर मी दमलेय. तेच सांगायचं, तेच ओरडायचं, आणि उद्या नवी बाई नवं काहीतरी घेऊन त्याच ओळीनं पुसत जाणार. शेण गेलं, औषध आलं, फडकं तेच राहिलं. त्या बाळकुमवालीला मी मघाशी बोलावून जवळ बसवलं आणि तुझी गोष्ट सांगितली. ती ऐकताना रडली. संध्याकाळी तिनं प्रत्येक खाटेला वेगळं फडकं नेलं तर मी जिंकले म्हणेन, पण बघून आल्याशिवाय काही खरं नाही.

मला गेले काही दिवस ताप येतो आणि मी हे माझ्या खाटेजवळच्या खिडकीशी बसून लिहितेय. आजाऱ्याच्या खोलीतला कागद बाहेर न्यायचा नाही, जाळायचा, हा नियम माझाच. म्हणजे हा चुलाणात जाणार. त्या आधी तुला एक सांगायचंय.

ह्या घराला फरशी घालत होते तेव्हा मी गवंड्याला मागच्या पडवीतला एक तुकडा तसाच सोडायला लावला. म्हटलं, तिथे ओल असते, फरशी धरणार नाही. ओलबिल काही नाही. एक माणूस निजेल एवढी माती आहे ती. बाळकुमवालीला सारवायला येतं, मी विचारून घेतलंय. माझ्या वेळी बोटं उचलायची नाहीत, एवढं तिला सांगून ठेवणार आहे. तू नको म्हणालीस, आई. मी नको म्हणू शकणार नाही.